चर्चने खासदाराला निवेदन दिलं तर नोंदणी रद्द होते?

जालना, बीडकडच्या पंचकमिट्यांमध्ये (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समित्यांमध्ये) वर्षानुवर्षे ऐकू येतं: 'चर्चनं सरकारदरबारी तोंड उघडलं की ट्रस्टची नोंदणी गेलीच.' हे खरं नाही. गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे ते मराठीतही देता येतं. स्मशानभूमीची जागा असो की शिष्यवृत्ती, तहसीलपासून मंत्रालयापर्यंत निवेदन बिनधास्त द्या. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मात्र परतू नका.

लोकसभेत याचिका द्यायची तर नियम काटेकोर आहेत. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत हवा. मराठीत असेल तर सोबत अनुवाद, त्यावरही सही. याचिका सभागृहाला उद्देशून असते आणि मांडणाऱ्या खासदाराची त्यावर प्रतिस्वाक्षरी लागते. सह्या हमखास चुकतात त्या इथे: मूळ मजकुराच्या कागदावर निदान एक सही किंवा अंगठा पाहिजेच, आणि पुढच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते. कोऱ्या कागदावर उपासनेनंतर गोळा केलेल्या सह्या म्हणूनच वाया जातात, फार वाईट वाटतं. पत्रं, प्रतिज्ञापत्रं जोडू नयेत.

भीती बाळगायचीच तर 1988 च्या धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंधक कायद्याची बाळगा. चर्चची जागा किंवा पैसा पक्षाच्या कामाला वापरला तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात 'राजकीय स्वरूपाचा प्रश्न' हे शब्दही आहेत, म्हणून वादाच्या विषयावरची सभा बाहेरच्या सभागृहात घ्यावी. व्यासपीठावरून धर्माच्या नावाने मतं मागणं तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरतं.