दोलामुद्रितांतले धर्मवाद आणि १८६७ची रेघ

जुन्या धर्मवादाचे, म्हणजे हिंदू आणि मिशनरी यांच्यासारख्या पक्षांतल्या धर्माविषयीच्या वादाचे, एखादे मराठी पुस्तक ग्रंथालयात मागितले की आधी साल विचारले जाते. १८६७पर्यंतचे असेल तर ते दोलामुद्रित, म्हणजे छपाई पाळण्यात असतानाचे पुस्तक. मग ते कुलपातल्या कपाटात असते, पाहायला वेगळी परवानगी लागते, आणि त्याचे स्कॅनिंग झालेले असण्याचा संभव बराच. १८६८चे असेल तर ते नुसते जुने पुस्तक. बांधणी सुटलेली असली तरी सर्वसाधारण फडताळात, कधी गठ्ठ्यात. धर्मवादाच्या पुस्तकांचे आज जे काही झाले आहे त्यात या रेघेचा हात मोठा आहे, म्हणून ती आली कुठून हे आधी पाहू.

१८६७च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे जमा करणे आणि त्याची नोंद होणे बंधनकारक झाले. मुंबई इलाख्यात दर तिमाहीला पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या. म्हणजे १८६७नंतर काय छापले गेले याचा सरकारी कागद तरी आहे. त्याआधीचे पुस्तक टिकले ते कोणाच्या तरी माळ्यावर, मठात, मिशनच्या गोदामात किंवा लंडनला गेलेल्या पेटीत. सूचिकारांना हे साल सोयीचे वाटले यात नवल नाही. मराठी ग्रंथसंग्रहालये ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली निघाली. पुढे दुर्मिळ पुस्तके वेगळी काढण्याची वेळ आली तेव्हा हीच मर्यादा रूढ झाली.

पंचांगे, व्याकरणे, शालेय पुस्तके यांना ती चालून जाते. वादाच्या पुस्तकांना मात्र ती नडते, कारण वादाचे पुस्तक एकटे नसते. त्याला उत्तर असते, उत्तराला प्रत्युत्तर असते, आणि ही साखळी कायद्याचे साल बघून तुटत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण हिंदुधर्माची बाजू मांडणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचारींचे. १८५७च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे आणि मिशनऱ्यांचे जाहीर वाद रंगले. उत्तरेत उठाव झाला त्याच महिन्यात इथल्या सभाही थांबल्या. वाद मराठीत, ऐकणारे मराठी, पण त्याचा वृत्तान्त आधी इंग्रजीत छापला गेला, त्याच वर्षी, आणि तोही मिशनरी पक्षाकडून. 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे मराठी पुस्तक आले १८७२ साली. बुवांचा 'वेदोक्तधर्मप्रकाश' १८५९चा, म्हणून तो दोलामुद्रितांत. ज्या वादाच्या जोरावर त्या ग्रंथाला वाचक मिळाले, त्या वादाचे मराठी पुस्तक मात्र पाच वर्षांनी हुकले. बुवांचा राज्यव्यवस्थेवरचा निबंध स्वतंत्रपणे निघाला तो नेमका १८६७ साली, अगदी उंबरठ्यावर.

उंबरठ्यावरच्या पुस्तकांची आणखी एक गंमत आहे. अनेक मुखपृष्ठांवर इसवी सन नसतोच, नुसता शक असतो. शके १७८९ हे वर्ष १८६७च्या चैत्रात सुरू होऊन १८६८च्या फाल्गुनात संपते. महिना दिलेला नसेल तर पुस्तक रेघेच्या अलीकडे की पलीकडे? शकात सरसकट ७८ मिळवणारा सूचिकार ते आत घेतो, ७९ मिळवणारा बाहेर ठेवतो.

'गुलामगिरी' १८७३ची. प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेले ते पुस्तक या वादपरंपरेतूनच वाढले आहे, पण रेघेच्या बाहेर. त्याला पुढे वाचक, संपादक आणि सरकारी आवृत्त्या लाभल्या, म्हणून त्याचे काही बिघडले नाही. त्याच सुमाराच्या लहानसहान पुस्तिकांना असा वाली नव्हता. १८७०मध्ये पुण्यात पुनर्विवाहावर शास्त्रार्थ झाला, त्याच्या आगेमागे दोन्ही बाजूंनी लिहिले गेले ते सगळे रेघेच्या पलीकडचेच.

रेघेच्या अलीकडे तरी सगळे सुरक्षित आहे का? तेही नाही. १८३१ साली मुंबईत एका स्कॉटिश मिशनऱ्याशी मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला, आणि त्याच वर्षी मोरभटांची 'हिंदुधर्मस्थापना' निघाली. पुढच्याच वर्षी मिशनऱ्याने तिला इंग्रजीत उत्तर दिले आणि पुस्तकाच्या आरंभी मोरभटांच्या पुस्तिकेचे भाषांतरही जोडले. ही सचोटी मानायलाच हवी. पण तिचा परिणाम असा की ज्यांच्या हाती मूळ मराठी लागत नाही, ते आजही मोरभटांना प्रतिपक्षाच्या इंग्रजीतून वाचतात. १८३४मध्ये त्याच मिशनऱ्याने साताऱ्याच्या एका गृहस्थाला दुसरे उत्तर लिहिले. मोरभटांनी १८४४ साली 'उपदेशचंद्रिका' हे मासिक काढले. अहमदनगरहून मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२पासून निघत होतेच. नियतकालिक म्हणजे पुस्तक नव्हे, या नियमाने या खडाजंगीचा मोठा भाग दोलामुद्रितांच्या यादीत येत नाही.

मिशनचे छापील साहित्य अधिक टिकले याला कारणे साधी आहेत. त्यांचा स्वतःचा छापखाना होता, पत्रके फुकट वाटली जात, आणि प्रती परदेशी मुख्यालयांकडे नेमाने जात. समोरच्या पक्षाला वर्गणीदार गोळा करावे लागत. शिळाछापाची, म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर दगडावरून छापलेली, अशी एखादी पोथीवजा पुस्तिका उघडली की लेखनिकाच्या बोरूचे वळण जसेच्या तसे दिसते. शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामाला फक्त दंड, आणि ओळ संपत आली की अक्षरे दाबून बसवलेली. मिशनचे खिळ्यांनी जुळवलेले पान शेजारी ठेवा. शब्द सुटे, समास ऐसपैस, वाचायला सोपे. स्कॅन केलेल्या पानावरून मजकूर ओळखणाऱ्या आजच्या यंत्रांनाही खिळ्यांचे पानच अधिक जमते, म्हणजे शोध घेतला तरी आधी तोच पक्ष हाती येणार.

वर्गीकरणाने यात भर घातली. विषयवार मांडणीत हिंदुधर्मावर टीका करणारे मिशनचे पुस्तक ख्रिस्ती धर्माखाली, आणि त्याचे उत्तर हिंदुधर्माखाली. एका भांडणाचे दोन आवाज दोन कपाटांत. मुंबईच्या पारशी आणि मुसलमान लेखकांनीही १८३०-४०च्या दशकांत मिशनऱ्यांना उत्तरे दिली. ती तर भाषेमुळेच वेगळ्या दालनात गेली.

याआधीचा इतिहास गोव्याचा. तिथे छपाई १५५६मध्ये सुरू झाली, आणि १६२९-३४च्या दरम्यान एका फ्रेंच जेझुइटाचे सेंट पीटरवरचे मराठी ओवीबद्ध पुराण निघाले, रोमन लिपीत. 'या पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या मुख्य चुकांचे खंडन' असा त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच डंका आहे. उत्तर द्यायला समोर छापखानाच नव्हता. उलट काशीतल्या एका मराठी पंडिताने १८४०च्या दशकात संस्कृतात ख्रिस्ती मताचे खंडन लिहिले, १८४८ साली तो स्वतःच ख्रिस्ती झाला, आणि त्याचे हस्तलिखित छापले गेले ते थेट १९५१ साली. छापील पुस्तकांच्या कोणत्याही जुन्या यादीत ते सापडायचे नाही.

अलीकडच्या डिजिटायझेशनने दोलामुद्रिते घरबसल्या उघडता येऊ लागली, ही मोठीच सोय झाली. पण स्कॅनिंगसाठी निवड जुन्या यादीवरूनच होते, त्यामुळे कागदावरची रेघ पडद्यावरही उतरली. १८६८ ते १८८०च्या पुस्तिका स्वस्त कागदावर छापलेल्या, आणि पान दुमडले की कडेचा तुकडा हातात येतो. त्यांची पाळी पुढे कधीतरी. तोवर किनाऱ्यावरचा वाद मराठीत वाचायचा असेल तर दोलामुद्रितांची यादी बाजूला ठेवून सर्वसाधारण विभागाची जुनी सूची मागवावी, आणि विष्णुबुवांच्या नावाबरोबर प्रकाशक मिशनऱ्याच्या नावाखालीही शोधावे.