तुर्कीतलं -दी आणि -मिश: 'म्हणे'वर गाडी थांबवू नका

तुर्की सिरियली बघून भाषा शिकायला लागलेले आपले लोक एक गोष्ट छातीठोकपणे सांगतात, की क्रियापदाला लागणारा -दी म्हणजे साधा भूतकाळ आणि -मिश म्हणजे आपलं 'म्हणे'. अर्धं बरोबर आहे आणि तीच पंचाईत आहे, कारण अर्ध्या बरोबर नियमावर माणूस वर्षभर आरामात चुकत राहतो.

-दीवर वेळ घालवत नाही. गेल्दी म्हणजे आला, आली, आलं, सगळं एकच, तुर्कीत लिंगच नाही (आणि हो, गेल म्हणजे 'ये', 'जा' नव्हे, सुरुवातीला सगळे आपटतात). स्वर बदलला की दीचं दु होतं, मिशचं मुश होतं, ते कानाला आपोआप बसतं, त्याचे तक्ते पाठ करत बसू नका.

आता -मिश. शेजारणीचा घटस्फोट झाल्याचं कानावर आलं तर 'कोमशु बोशानमिश', शेजारीण वेगळी झाली म्हणे. इथे 'म्हणे' फिट्ट बसतं. हेच 'बोशान्दी' म्हटलंत तर तुम्ही त्या बातमीची जबाबदारी घेतलीत. ज्या समाजात दुसऱ्याच्या माघारी बोलणं हे पाप मानतात आणि 'कुल हक्की', म्हणजे दुसऱ्या माणसाचं आपल्यावरचं देणं, त्या माणसानं माफ केल्याशिवाय फिटत नाही असं मानतात, तिथे हा प्रत्यय गप्पांमध्ये किती कामाचा आहे ते बघा. गप्पा थांबत नाहीत, फक्त जबाबदारी अंगावर येत नाही. टोमणाही आपल्यासारखाच मारता येतो, 'अभ्यास केला म्हणे!' हे तुर्कीत -मिशनंच होतं.

पण मग तुम्ही कुणाकडे जेवायला जाता, पहिला घास घेता, आणि सगळे म्हणतात 'चोक ग्युझेल ओलमुश, एलिनिझे साअलिक'. हातांना आरोग्य लाभो वगैरे ठीक, पण ओलमुश? घास तोंडात आहे, ऐकीव काय त्यात? 'जेवण छान झालं म्हणे' असं आपल्याकडे यजमानीणबाईंना म्हणून बघा, पुन्हा बोलावणार नाहीत.

मूळ फरक समोर आणि माघारी असा आहे. महमूद काशगरी हा कोशकार ११व्या शतकात अरबी वाचकांना तुर्की समजावून सांगत होता, तेव्हाच त्यानं हे नोंदवलंय, की बोलणाऱ्याच्या समोर घडलं तर एक रूप, माघारी घडलं तर दुसरं. स्वयंपाक माझ्या माघारी झाला, माझ्यापुढे आलं ते तयार ताट, म्हणून ओलमुश. सकाळी खिडकी उघडली आणि रस्ता पांढरा, तर 'कार याआमिश', रात्री बर्फ पडलेला दिसतोय. कुणी सांगितलं नाही, खुणेवरून कळलं. मैत्रिणीची मुलगी समोर उभी असली तरी 'ब्युयुमुश', केवढी झालीये! आणि सगळ्यात मजेचं 'उयुमुशुम', मला झोप लागली होती वाटतं, म्हणजे स्वतःच्याही माघारी गोष्टी घडतात. म्हणून मराठीत एकच जोडी शोधू नका. कधी 'म्हणे', कधी 'दिसतंय', कधी नुसतं 'झालंय'.

उलट बाजूनेही लोक घसरतात. -दी म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं असं पाठ केलं की १४५३ मध्ये सुलतान मेहमेदनं इस्तंबूल जिंकलं हे कसं सांगणार, तुम्ही कुठे होतात तेव्हा? तरी शाळेतली पोरं सरळ 'फेथेत्ती' (जिंकलं, इथे -दीचंच -ती झालंय) म्हणतात, कारण ते पक्कं ठाऊक असलेलं, सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. 'फेथेत्मिश' म्हटलं तर बातमी आत्ताच कळल्यासारखी वाटते. होजा नसरेद्दीनच्या, म्हणजे आपल्या मुल्ला नसरुद्दीनच्या, गोष्टी मात्र -मिशमध्येच, आणि परीकथेची सुरुवात ठरलेली, 'बिर वारमिश, बिर योकमुश', होतं म्हणे, नव्हतं म्हणे.

धर्म इथे नेमका दिसतो. ईश्वरानं जग घडवलं तेव्हा पाहायला कोणीच नव्हतं, पण कुराणाच्या तुर्की भाषांतरांत 'यारात्ती' सर्रास भेटतं. श्रद्धेची गोष्ट ऐकीव म्हणून सांगत नाहीत. आता ८व्या शतकातला, मंगोलियातल्या ओरहोन नदीकाठचा जुन्या तुर्कीतला शिलालेख घ्या, इस्लामच्या आधीचा, तेंग्री या आकाशदेवाला मानणाऱ्यांचा. त्यात वर निळं आकाश, खाली काळपट धरती आणि मध्ये माणूस घडला असं येतं, आणि तिथे क्रियापद -मिशचं आहे! 'तुर्की म्हणजे अरबीचीच बहीण' म्हणणाऱ्यांना हा दाखवा. शब्द अरबीतून पोत्यानं आले, पण हा -मिश तुर्कीच्या घरचा आहे.

आणि त्या यारात्तीचं -मिशवालं रूप, यारात्मिश, आजही ऐकू येतं, पण वेगळ्याच सुरात. एखादी देखणी व्यक्ती दिसली की 'अल्लाह ओझेनमिश दे यारात्मिश', देवानं अगदी मन लावून घडवलंय. इथे 'म्हणे' घालून बघाच.