मुंबई–लंडन: अंतर एकच, वेळा दोन

नाशिकहून लंडनला निघालेल्या मुलाला निरोप द्यायला जमलेल्या मंडळींत एक तरी गृहस्थ तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून ‘लंडन म्हणजे साडेचारच तास’ असे जाहीर करतात, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे लंडनच विमानाकडे सरकत येते, अशी पुस्ती शेजारचे जोडतात. पहिली चूक समजण्यासारखी आहे. दुसरीचा मला मनस्वी कंटाळा आला आहे.

अंतराविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजले, तर मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर भरते आणि परतीलाही तेवढेच. एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली, जशी पाकिस्तानने 2019 मध्ये काही महिने केली होती, तर वळसा पडतो इतकेच.

घोळ होतो तो वेळेत. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची लंडनची. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. दुपारी दोनला निघून दहा तास उडालेले विमान तिथल्या संध्याकाळी साडेसहाला उतरते, म्हणून साडेचार तास दिसतात. परत येताना रात्री नऊला निघालेले विमान नऊ तास उडून इथल्या सकाळी साडेअकराला पोहोचते आणि साडेचौदा तास दिसतात. जो प्रवास घड्याळात आखूड दिसतो, तोच प्रत्यक्षात तासाभराने लांब असतो!

याचे कारण वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. शाळेत प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेचे गणित सर्वांनी सोडवलेले असते, तेच इथे लावावे. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी 50 धरला, तर जाताना 850 च्या वेगाने जवळजवळ साडेआठ तास लागतात आणि येताना 950 च्या वेगाने साडेसात. चढणे, उतरणे आणि वळसे यांचा वेळ निराळा. पृथ्वीचे म्हणाल, तर तिच्याबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. धावत्या पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात वर उडवलेले नाणे आपल्याच हातात पडते, मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर नाही. उलट, उंचावरच्या त्या वाऱ्यांना पूर्वेकडे वळवते ते पृथ्वीचे परिवलनच; म्हणजे लंडनला जाणाऱ्याला त्याची मदत होत नाही, अडथळाच होतो.

एवढे करूनही वजाबाकीच करायची असेल, तर जाण्यायेण्याची दोन्ही उत्तरे मिळवावीत. साडेचार आणि साडेचौदा मिळून एकोणीस तास होतात आणि ते बरोबर आहेत, कारण घड्याळांतला फरक परस्पर कटतो. मात्र जाणे फेब्रुवारीत आणि येणे एप्रिलमध्ये असेल, तर मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळे एक तास पुढे गेलेली असतात, आणि ही बेरीजही तासाने कमी भरते.