एसीला औषध नको, दुकानाला वारा द्या
दुकान, क्लास, दवाखाना किंवा हॉल पुन्हा उघडणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जून २०२१

कोरोना कर्फ्यू टप्प्याटप्प्याने उठायला लागला आणि आमचा फोन वाजायचा थांबेना. मागणी बहुतेकांची एकच: "भाऊ, सोमवारी दुकान उघडतोय, त्याआधी एसीला एकदा औषध मारून जा." या फोनाला आम्ही नाही म्हणतो आणि लोक नाराज होतात. त्याहून वाईट दुसरा फोन: "आम्हीच मारलं होतं औषध. आता एसी गार करत नाही." हे पत्रक मुख्यतः हा दुसरा फोन येऊ नये म्हणून छापलं आहे.

मास्क, सॅनिटायझरची बाटली, दारासमोरचे गोल, कपाळाला लावायची बंदूक, हे सगळं तुम्हाला आता आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आम्ही फक्त हवेबद्दल बोलतो, कारण एसी विकणं आणि दुरुस्त करणं हाच आमचा धंदा आहे.

औषध मारल्यावर एसीचं काय होतं

औषध म्हणजे लोक दोनपैकी एक गोष्ट वापरतात. नगर निगमच्या गाड्या रस्तोरस्ती फवारत होत्या ते सोडियम हायपोक्लोराइट, नाहीतर हाताला चोळायचं सॅनिटायझर.

इनडोअर युनिटचं झाकण वर करून जाळी काढली की मागे पातळ पत्र्यांची दाट रांग दिसते. त्या पत्र्या ॲल्युमिनियमच्या आणि त्यांच्यातून फिरणारी नळी तांब्याची. यालाच आपण कॉइल म्हणतो. हायपोक्लोराइट हे दोन्ही धातू खातं. फवारल्याच्या दिवशी काहीच कळत नाही, उलट क्लोरीनच्या वासामुळे जागा स्वच्छ झाल्यासारखी वाटते. नंतर पत्र्यांवर पांढरी भुकटी धरते, बोट लावलं तर कडा चुरतात. पुढे तांब्याच्या नळीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. मग ग्राहक म्हणतो, "गेल्याच वर्षी गॅस भरला होता ना, पुन्हा कसा संपला?" अशा कॉइलमध्ये गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. भोक एकच असेल आणि हाताला लागत असेल तर झाळता येतं. जागोजागी असतील तर कॉइलच बदलावी लागते, आणि तो खर्च वर्षभराच्या सर्व्हिसिंगपेक्षा कितीतरी जास्त येतो. वॉरंटीवर विसंबू नका. रसायनाने खाल्लेली कॉइल दिसली की कंपनीचा माणूस फोटो काढतो आणि हात वर करतो.

सॅनिटायझरची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. बंद जागेत त्याची वाफ साठली आणि बटणाची ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. एसीच्या आत, बोर्डावर, पंख्याच्या मोटरवर ते कधीही फवारू नका.

एवढं करून फायदा किती? जवळजवळ शून्य. विषाणू एसीत घर करून बसलेला नसतो, तो माणसाबरोबर दुकानात येतो. सकाळी नऊला कॉइल अगदी निर्जंतुक केली आणि अकराला बाधित गिऱ्हाईक काउंटरसमोर अर्धा तास साड्या उलगडून बघत बसलं, तर नऊचं औषध अकराला काय कामाचं? वस्तूंना हात लावून होणाऱ्या संसर्गाबद्दल अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणून कड्या, मुठी, काउंटर पुसणं सोडू नका. पण सगळा जीव त्या फडक्यात अडकवून काचेचं दार घट्ट लावून बसू नका.

मग धोका कुठे आहे

बंद खोलीतल्या वापरलेल्या हवेत. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी साध्या भाषेत सूचना काढल्या. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं त्यात म्हटलं आहे. खिडक्या-दारं बंद ठेवून एसी चालवला तर ती हवा आतच कोंडते, हेही त्यात स्पष्ट आहे. दहा मीटर म्हणजे सीतलामाता बाजारातल्या कितीतरी दुकानांची पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची लांबी.

चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटचं उदाहरण आम्ही ग्राहकांना नेहमी देतो. २४ जानेवारी २०२० ला तिथे शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवायला बसली होती. एकात एक बाधित होता. त्या तीन कुटुंबांतले मिळून दहा जण आजारी पडले. तिन्ही टेबलं एकाच एसीच्या झोतात होती, हॉलला खिडकी नव्हती आणि बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती. त्या झोताबाहेर जेवणाऱ्यांना आणि वाढणाऱ्यांना काही झालं नाही. एसी बिघडला नव्हता. तो तीच ती हवा गार करून पुन्हा पुन्हा त्याच माणसांना देत होता.

इथे एक मोठा गैरसमज सांगायलाच हवा. स्प्लिट एसीचा बाहेरचा डबा बाहेरची हवा आत आणतो, असं शिकलेसवरलेले लोकही आम्हाला ठामपणे सांगतात. दोन डब्यांमधल्या नळीतून फक्त गॅस जातो-येतो, हवा नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि खोलीतच सोडतो. विंडो एसीला कित्येकदा एक छोटी कळ असते, तिने एक झडप उघडते आणि थोडी हवा बदलते. ती कळ शोधा आणि उघडी ठेवा, पण तेवढ्याने भागत नाही.

काय करायचं

हवेला यायला एक जागा आणि जायला दुसरी. सगळं एवढंच आहे, आणि लोक चुकतातही इथेच. एक्झॉस्ट पंखा आणतात आणि सोपं पडतं म्हणून दाराच्याच वर बसवतात. दारातून आलेली हवा वरच्या वर बाहेर जाते आणि आत काउंटरमागे तुमची हवा सकाळची ती सकाळचीच राहते. पंखा दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीला हवा, बाहेरच्या बाजूला मोकळी जागा हवी आणि तो शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको. दुसरं टोकही असतं: पंखा योग्य जागी, पण दार घट्ट बंद. हवा आत आली नाही तर पंखा नुसता गुरगुरतो. दार चार बोटं तरी उघडं ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला जाळी करून घ्या.

बरोबर चाललंय की नाही हे बघायला उदबत्ती पुरते. छताचा पंखा बंद करा, एक्झॉस्ट आणि एसी चालू ठेवा. उदबत्ती दाराच्या फटीजवळ गुडघ्याच्या उंचीला धरा. धूर आत खेचला गेला पाहिजे. मग तीच घेऊन सगळ्यात आतल्या कोपऱ्यात जा, जिथे तुमचा कॅशियर बसतो. धूर पंख्याकडे झुकला तर उत्तम. सरळ वर जाऊन छताखाली घुटमळत राहिला तर त्या कोपऱ्यात हवा मेलेली आहे, आणि दिवसभर तिथे बसणारा माणूस सगळ्यात धोक्यात आहे. कपड्यांच्या थप्प्यांपासून उदबत्ती जरा लांब धरा म्हणजे झालं.

पंखा केवढा? १० बाय १५ फुटांचं आणि १० फूट उंचीचं दुकान १५०० घनफुटांचं होतं. तासात सहा वेळा हवा बदलायची तर ९००० घनफूट, म्हणजे मिनिटाला १५० घनफूट, म्हणजेच तासाला साधारण २५५ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. इंच बघून घेऊ नका, तो आकडा बघा, आणि पुढे पाइप किंवा जाळी असेल तर थोडा जास्तच धरा.

"गारवा बाहेर जाईल, लाइट बिल वाढेल." वाढेल, आम्ही नाही म्हणत नाही. पण किती? बाहेर ४० अंश, आत २६, आणि वरच्या हिशोबाने हवा बदलली तर एसीवर पडणारं जास्तीचं ओझं एक टनाच्या एसीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश इतकं येतं. पावसाळ्यात दमटपणाचं ओझं वेगळं, पण मग बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं. केंद्राच्या कोरोनाकाळातल्या नियमावलीत एसी २४ ते ३० अंशांवर आणि हवेतला दमटपणा ४० ते ७० टक्क्यांत ठेवायला सांगितलं होतं. १८ वर लावायची सवय सोडलीत तर वाढलेलं बिल बरंचसं तिथेच भरून निघतं.

तळघरातली दुकानं आणि भंवरकुआँच्या बाजूचे क्लासेस यांना हा हिशोब पुरत नाही. चाळीस मुलं एका खोलीत दोन तास बसणार असतील तर आम्हाला जागा दाखवल्याशिवाय पंखा विकत घेऊ नका. आमच्याकडे कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. बाहेरच्या हवेत ते चारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत चारशे भाग) थोडं वर दाखवतं. आत आकडा हजाराच्या वर चढला तर लोक एकमेकांनी सोडलेला श्वास घेताहेत असं समजा. वार्षिक करार असलेल्या ग्राहकांकडे हे मोजणं आम्ही पैसे न घेता करून देतो.

कूलरवाल्यांना मात्र आनंदाची बातमी. खिडकीत बसवलेला, बाहेरून हवा ओढणारा कूलर समोरची खिडकी उघडी असेल तर महागड्या स्प्लिटपेक्षा चांगला. एसी विकणाऱ्याने असं लिहू नये, पण आहे ते आहे. खोलीच्या मध्ये ठेवलेला कूलर यात धरू नका. आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पाणी आधी फेका, टाकी घासा, उन्हात वाळवा, गवताच्या जाळ्या बदला. कोरोनाच्या भीतीत डेंग्यूच्या अळ्या पाळू नका.

बंद राहिलेला एसी पहिल्यांदा चालू करताना

आधी मेन बंद करून बघा. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, पाणी जायच्या नळीत गांधीलमाशीचं घर झालं आहे का. जाळी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, हे करताना मास्क लावा. मग सगळी दारं-खिडक्या उघडून दोन तास नुसत्या पंख्यावर, पूर्ण वेगाने चालवा. गिऱ्हाईक त्यानंतर. पुढे जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. कॉइलला हात लावू नका, ती आमच्यावर सोडा. आम्ही साधं पाणी आणि कॉइलसाठीच बनलेलं सौम्य क्लीनर वापरतो.

यूव्ही दिवे, आयन सोडणारे डबे, विषाणू मारणारी जाळी असं सध्या बरंच बाजारात आलं आहे. आम्ही ते ठेवत नाही. एसीच्या साध्या जाळीत धूळ अडकते, विषाणू नाही. खरा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही धरणारी दाट गाळणी, विषाणू अडकवतो, पण तो स्प्लिटमध्ये घुसडला तर छोट्या पंख्याला हवा ओढवत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. जिथे भिंत फोडायची परवानगीच नाही, अशा दवाखान्याच्या खोलीत वेगळं हेपा प्युरिफायर ठेवायला हरकत नाही. तेही आम्ही खोलीच्या मापाने सुचवतो.

आमच्या पद्धतीबद्दल दोन शब्द

काहीजण एसी सॅनिटाइझ करून दारावर स्टिकर लावून देतात आणि आम्ही देत नाही, अशी तक्रार आहे. स्टिकर छापायला आम्हालाही काही कष्ट नाहीत. पण तीन महिन्यांनी त्याच कॉइलसाठी तुमच्याकडून पैसे घ्यायला आम्हाला बरं वाटणार नाही. आमची पोरं आल्याबरोबर खिडक्या उघडायला लावतात आणि काम चालू असताना खोलीत एकाहून जास्त माणसं नकोत म्हणतात, त्याचा राग धरू नका. दिवसात ती कितीतरी घरं-दुकानं फिरतात, त्यांच्याही घरी आई-वडील आहेत.

सध्या दुकानं उघडायच्या आधीची, सकाळी सात ते दहाची वेळ देतो. फोन करताना जागेची लांबी-रुंदी-उंची, दार कुठल्या बाजूला आहे आणि मागची भिंत स्वतःची आहे की शेजाऱ्याची, एवढं तयार ठेवा. एसीत आधी काही फवारलं असेल तर तेही फोनवरच सांगा, म्हणजे पोरगा गळती शोधायचं सामान बरोबर घेऊन निघेल आणि तुमची दुसरी फेरी वाचेल. नंबर जुन्या पावतीवर आहे, तोच चालू आहे.