सेटर गेला, आता नवा कुठून आणायचा?

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल परिसरातल्या आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीचा बोनस खात्यावर पडला की पुढचे पंधरा दिवस आमचा फोन थांबत नाही. "व्हीएमसीचा सेटर गेला, चाकणला लागलाय म्हणे. दोन दिवसांत माणूस द्या." (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, आणि सेटर म्हणजे त्यावर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, आणि हत्यारं बसवून मापं लावणारा कारागीर.) माणूस दोन दिवसांत मिळतोही. पण गेल्या वर्षी एका कारखान्यात एकाच मशीनसाठी आम्ही तीनदा माणूस दिला, आणि तिसऱ्यांदा फी घेताना आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. हे पत्रक त्यातून लिहिलंय. माणसं शोधून देणं आणि पगारपत्रक सांभाळणं हा आमचा धंदा. तरी माणूस मागायच्या आधी हे वाचून घ्या, अशी विनंती.

एक माणूस गेला की किती जातं?

समजा सेटरचा पगार २४,००० रुपये आहे. मशीनचा तासाचा दर ३५० रुपये धरा, दोन पाळ्यांचे १६ तास. म्हणजे दिवसाला ५,६०० रुपयांचं काम. मशीन दहा दिवस उभं राहिलं तर ५६,००० गेले. नव्या माणसाचा हात बसेपर्यंत ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) चुकून जे जॉब भंगारात जातात, आणि पुण्याच्या पार्टीला माल उशिरा गेल्यावर जे ऐकून घ्यावं लागतं, ते यात धरलेलंच नाही. त्याच सेटरला महिन्याला २,००० वाढवून दिले असते तर वर्षाचे २४,००० झाले असते, वर पीएफ-बोनसचा थोडा भार.

आकडे तुमचे घाला, उत्तर वेगळं येईल. पण हिशेब एकदा कागदावर करा. कुठल्या कंपनीचा इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं पातं) किती जॉब चालतो हे तुम्हाला तोंडपाठ असतं. माणूस गेल्याचा खर्च मात्र आजवर एकाही मालकानं आम्हाला लिहून दाखवलेला नाही.

प्रत्येकाला पगार वाढवून थांबवावं, असं आम्ही म्हणत नाही. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचं पत्र दाखवून पगार वाढवून घेणाऱ्याला खुशाल जाऊ द्यावं. त्याला वाढवलेलं बाकीचे दहाजण बघत असतात.

पोरं का सोडतात?

सोडून गेलेल्याला आम्ही महिन्याभरानं फोन करतो. मालकाला जे सांगायचं राहून जातं, ते तो तेव्हा बोलतो. पहिलं उत्तर ठरलेलं: "पगार जास्त आहे." मग आम्ही खोलीचं भाडं, मेस, महिन्यातून एकदा घरी यायचा खर्च विचारतो. वजा करून हातात बऱ्याचदा इथल्याइतकंच उरतं. तरी तो गेलेला असतो. कारण तिथे न्यायला बस येते, कँटीन आहे, गळ्यात कंपनीचं कार्ड आहे. लग्न जमवताना "पोरगा चाकणला कंपनीत आहे" हे वाक्य कोल्हापुरात किती चालतं, ते तुम्हाला आम्ही काय सांगणार. त्यावर आमच्याकडे औषध नाही.

बाकीची कारणं मात्र तुमच्या हातातली आहेत.

पगाराची तारीख त्यात सगळ्यात वर. सातला ठरलेला पगार कधी बाराला होतो, कधी अठराला. पोराच्या गाडीचा हप्ता दहा तारखेला कापला जातो. खात्यात पैसे नसले की बँक दंड लावते, आणि तो दंड मालकामुळे बसला हे तो विसरत नाही. तुमची पेमेंटं पुढच्या पार्टीकडे नव्वद दिवस अडकतात हे आम्हाला माहीत आहे. तरीही एक पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवून द्या. पाचशे रुपये वाढवण्यापेक्षा ठरलेल्या तारखेला पगार दिलेला जास्त उपयोगी पडतो.

दुसरं, ओव्हरटाइम. कायद्यानं तो दुप्पट दरानं द्यायचा असतो. २०,००० पगार असेल तर २६ दिवस आणि ८ तासांनी भागून तासाला साधारण ९६ रुपये होतात, दुप्पट केल्यावर १९२. हा हिशेब आता पोरं मोबाइलवर स्वतः करतात. दुप्पट परवडत नसेल तर जादा काम कमी घ्या. एकेरी दरानं घेतलेलं जादा काम पोरं पाळी सुटायच्या आधी चहाच्या टपरीवर मोजून मोकळी होतात.

तिसरं, खाडे. उसाला तोड आली, गावची म्हाई (जत्रा) आली, चैत्रात जोतिबाची यात्रा आली की पोरगा येणार नाही, हे गृहीतच धरा. आमच्या ओळखीच्या एका मशीन शॉपमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून गावच्या यात्रेची तारीख लिहून घेतात आणि ती रजा आधीच मंजूर करतात. तिथे न सांगता होणारे खाडे कमी झाले. फाउंड्रीत मोल्डिंग-फेटलिंगला (साचे भरायला आणि ओतीव माल घासून साफ करायला) बिहारची माणसं असतील तर छठला घरी जायचं का, हे त्यांना दोन महिने आधी विचारा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट तुमच्यासमोर काढलं तर परतीचंही काढलं जातं. माणूस परत यायची तीच खरी हमी.

आणि चौथं, ज्यावर मालक आमच्याशी सगळ्यात जास्त वाद घालतात: शिकायला न मिळणं. आयटीआय झालेला पोरगा तीन वर्षं फक्त जॉब लावतो आणि काढतो, प्रोग्रामला हात लावायची मुभा नाही. उद्यमनगरातल्या जुन्या वर्कशॉपांत पोरगं मेस्त्रीच्या हाताखाली लागायचं, हळूहळू मेस्त्री व्हायचं आणि एक दिवस समोरच्याच गल्लीत लेथ टाकून बसायचं. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील असेच कारखानदार झाले. आता तुम्हीच म्हणता, "शिकवलं की पळतो." पळणारा पळतोच. पण सहा महिन्यांनी काय शिकायला मिळणार हे ज्याला माहीत असतं, तो निदान ते सहा महिने थांबतो.

त्यासाठी भिंतीवर एक कागद लावा. ऑपरेटर, पहिला पीस स्वतः तपासून पास करणारा, सेटिंग करणारा, प्रोग्राम बदलणारा: अशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरीला काय यायला हवं, परीक्षा कोण आणि कधी घेणार, पास झाल्यावर पगार किती वाढणार, तेही लिहा. कागद कसा करायचा ते आम्ही विनामूल्य करून देतो. मात्र एकदा लावला की पाळा. लावून न पाळलेला कागद न लावण्यापेक्षा वाईट.

पहिले नव्वद दिवस

नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात रात्रपाळी आणि सगळ्यात जुनं, बॅकलॅश (स्क्रूत ढिलाई) असलेलं मशीन द्यायची आपल्याकडे रीतच आहे. मग तो पंधराव्या दिवशी येत नाही, आणि "आजकालच्या पोरांना काम नको" असं आपण म्हणतो. त्याला एका जाणत्या ऑपरेटरच्या हाताखाली द्या, आणि त्या ऑपरेटरला शिकवल्याचे वेगळे पैसे द्या. नाहीतर तो का शिकवेल?

कागदपत्रांचं थोडक्यात

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नेमणूक पत्र आता प्रत्येकाला द्यायचं आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते. माणूस सोडून गेला तर त्याच्या पगाराचा शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. हिशेब अडकवलेला माणूस त्याच्या गावातली पुढची पाच पोरं तुमच्याकडे येऊ देत नाही, म्हणून कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं.

ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पगाराची मर्यादा २१,००० आहे. २०,८०० चा पगार तुम्ही कौतुकानं २१,३०० केला, तर चालू सहामाही संपली की त्याची वर्गणी बंद होते आणि पुढे त्याच्या आईवडिलांचे उपचारही. पाचशे रुपयांच्या वाढीत तो तोट्यात जातो. अशी वाढ देताना सोबत गट आरोग्य विमा घ्या, किंवा आधी आम्हाला विचारा.

पीएफबद्दल पोरं म्हणतात, "कापू नका, हातात द्या." त्यांना सांगा, की पीएफसोबत ७ लाखांपर्यंतचा विमा असतो, आणि दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क मिळतो. शिवाय प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत, ३१ जुलै २०२७ पर्यंत, पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला दोन हप्त्यांत १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यानं किमान दोन जादा माणसं घेऊन सहा महिने टिकवली तर मालकालाही माणशी महिन्याला ३,००० पर्यंत मिळतात, उत्पादन उद्योगाला चार वर्षं. अर्ज आम्ही भरतो.

माणूस कुठे शोधायचा?

कळंब्याच्या आयटीआयत निकालाच्या वेळी सगळेच जातात. तुम्ही वर्ष संपायच्या आधी जा, आणि अप्रेंटिस म्हणून घ्या. विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला १,५०० पर्यंतचा वाटा सरकार थेट त्या मुलाच्या खात्यात भरतं. गडहिंग्लज, भुदरगड, निपाणीकडची पोरं घ्यायची असतील तर राहण्याची किंवा गाडीची सोय आधी ठरवा. इन्स्पेक्शनला आणि सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनला) मुलीही चांगलं काम करतात. स्वच्छ बाथरूम आणि पाळी सुटल्यावर घरी पोहोचायची सोय नसेल तर आम्ही मुली पाठवत नाही.

आमच्या मते सगळ्यात चांगला माणूस मात्र पुण्याहून परत येणारा. पाच-सहा वर्षं चाकण-रांजणगावला काढलेला, लग्न झालेला, आईवडील थकलेले. याला गावी यायचंच असतं. तो गणपतीत आणि दिवाळीत घरी असतो, आणि भेटतो तेव्हाच. त्या दोन आठवड्यांत आम्ही त्याच्या घरी जाऊन येतो. पगारात तो थोडं कमी घेतो, तारखेत अजिबात नाही.

आमची फी आणि आमचे नियम

फी एका महिन्याच्या पगाराच्या निम्मी. त्यातली अर्धी माणूस रुजू झाल्यावर, उरलेली तो ९० दिवस टिकल्यावर. आधीच गेला तर दुसरा माणूस फीशिवाय देतो, पण तो का गेला हे आम्हाला त्याच्याशी बोलून समजून घेऊ द्यायचं. उमेदवाराकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. आमच्या एका ग्राहकाचा माणूस दुसऱ्या ग्राहकाला देत नाही. आणि पोरांचे मूळ दाखले कपाटात अडकवून ठेवणाऱ्या कारखान्यात माणूस पाठवत नाही, मग तो ग्राहक कितीही जुना असो.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: मशीन कुठलं, कंट्रोलर फानुक की सीमेन्स, पाळी कोणती, कापून हातात किती मिळणार, पगार कुठल्या तारखेला. आणि आधीच्या माणसाचा मोबाइल नंबर.