जुन्या गाडीचं इंजिन बदलायचंय? आधी आरसी बुक उघडा

पत्र्याचं काम झालं, रंग झाला, सीटची कव्हरं नवी झाली, इंजिन एका सेल्फला चालू होतं. आणि गाडी पासिंगला नेली की अर्ज परत, कारण आरसीवरचा इंजिन नंबर एक आणि इंजिनाच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव सांगाड्यावर) कोरलेला दुसरा. फियाट, अ‍ॅम्बॅसेडर आणि जुन्या जीप जपणाऱ्यांच्या बाबतीत हे इतक्या वेळा होतं की आता कुणी "इंजिन उतरवलंय" असं सांगितलं, तरी मी आधी आरसी कुठे आहे ते विचारतो.

मुळात कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी बनवताना जो तपशील ठरवला, त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. कलमात सवलत आहे ती इंधनबदलाची : सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. तीही त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं किट बसवलं तरच. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाल्याने बसवलं हे उत्तर तिथे चालत नाही.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन, आणि तेही आधी परवानगी घेऊन. पद्मिनीला, म्हणजे आपल्या जुन्या फियाटला, पद्मिनीचंच १०८९ सीसी पेट्रोल, मार्क टू अ‍ॅम्बॅसेडरला १४८९ सीसी पेट्रोल. पद्मिनीत मारुतीचं किंवा पेट्रोल जीपमध्ये डिझेल बसवलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. "अहो, कंपनीनेच अ‍ॅम्बॅसेडरला इसुझूचं १८०० इंजिन दिलं होतं" असा युक्तिवाद दर दोन-चार महिन्यांनी ऐकायला मिळतो. दिलं होतं, खरंय. पण तुमच्या चेसिसला दिलं नव्हतं. पद्मिनीच्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचेच, म्हणून एमएच-१३ च्या पद्मिनीला काही सूट मिळत नाही, तसंच हे.

आता मुदतीचा घोळ. कलम ५२ मध्येच चौदा दिवसांचा उल्लेख आहे. बदल झाला की चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, आरसी आणि फी जमा करायची. लोक याचा अर्थ काढतात : आधी बसवून टाकू, दोन आठवड्यांत सांगून येऊ. ही मुदत कळवण्याची आहे. जो बदल मुळातच चालत नाही तो तेराव्या दिवशी कळवला तरी चालत नाही. उलट तुम्हीच लेखी कबुली दिलेली असते.

परवानगीच्या अर्जात बाकी सगळं नेहमीचंच : आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार-पॅन, चेसिस आणि इंजिन नंबरचे पेन्सिल प्रिंट, कर्ज असेल तर बँकेची संमती. अर्ज 'वाहन' पोर्टलवरून करायचा, फी भरायची, गाडी दाखवायची. इथे फारसं कुणी अडत नाही.

अडतात ते एका कागदावर. नवं आणलेलं इंजिन कुठल्या गाडीतून आलं? पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, त्यामुळे कंपनीचं नवं इंजिन आणि त्याचं बिल ही गोष्टच उरलेली नाही. मिळतं ते भंगारातलं हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा भाग) आणि त्यासोबत एक चिठ्ठी : "इंजिन १ नग, रोख मिळाले." या चिठ्ठीला पासिंगला काही किंमत नाही. ब्लॉकवरचा नंबर कुठल्यातरी गाडीच्या नावावर नोंदलेला असतो आणि ती गाडी चोरीची नव्हती हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा किंवा ती रीतसर मोडीत काढल्याचा कागद मागा, आणि बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. ब्लॉकवरचा नंबर घासलेला, नव्याने पंच केलेला किंवा रंगाखाली लपवलेला दिसला तर इंजिन कितीही स्वस्त असो, हात जोडून निघून या. "नंबर आपण मारून देऊ" असं कुणी म्हणालं तर जरा लवकर निघा. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

दुसरी अडचण मुदत संपलेल्या आरसीची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, फॉर्म २५ वर; अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा. पण दुरुस्तीला घेतलेली गाडी आठ-दहा वर्षं विटांवर उभी असते आणि मुदत कधी गेली ते घरात कुणालाच आठवत नाही. उशिराला कारसाठी महिन्याला ५०० रुपये. आठ वर्षांचे ४८,००० होतात. वर आणखी गंमत अशी की मुदत संपलेल्या आरसीवर इंजिनबदलाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि चालू इंजिन असल्याशिवाय नूतनीकरणाचं पासिंग होत नाही. नियम करणाऱ्याने कधी बंद गाडी ढकलून पाहिली नसावी. यातून मार्ग एकच : मूळ इंजिन चालण्याइतकं करून आधी नूतनीकरण, मग बाकीचं. जुनं आरसी बुक असेल तर त्याचाही आधी पत्ता लावा. वडिलांच्या नावावर हाताने लिहिलेल्या पुस्तकाची नोंद पोर्टलवर नसेल तर ऑनलाइन अर्जच उघडत नाही. आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते. वडील हयात नसतील तर नाव बदलण्याचं प्रकरण त्याच्याही आधी.

आता ज्यांची गाडी पन्नाशीला आली आहे त्यांच्यासाठी. जुलै २०२१ पासून केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. फॉर्म २०, विमा, जुनी आरसी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं वैध, पुढच्या वेळी ५,०००. आधीपासून नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो. नव्याने नोंदवली तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली, वर्षं मॉडेलची नाही, पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. ७५ चं मॉडेल ७६ च्या शेवटी नोंदलं असेल तर थांबावं लागतं. दुसरी, ही नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यासाठीच बाहेर काढायची. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला घरच्यांना बसवून नेणार असाल किंवा सात रस्त्यावर भाजी आणायला जाणार असाल, तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही.

म्हणजे दुसरं इंजिन बसवलं की हे दार बहुधा बंद. पन्नाशीला दोन-तीन वर्षं उरलेली असताना मेकॅनिकच्या घाईने इंजिन बदललेल्या माणसाला हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

माझं मत विचाराल तर ब्लॉक फुटलेला नसेल तोवर इंजिन बदलू नका. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५. बोअर झिजला तर ओव्हरसाइज पिस्टन बसतो, त्याहून झिजला तर आत स्लीव्ह (नवी नळी) मारता येते. क्रँक ग्राइंड होतो, हेड फेस होतं. यात इंजिन नंबर तोच राहतो, त्यामुळे बदलाचा अर्ज, परवानगी, इंजिनाचा वंशवेल काहीच लागत नाही. वेळ लागतो आणि चांगला लेथवाला लागतो. यंत्रमागाचे सुटे भाग घडवलेल्या आपल्या सोलापुरात तो शोधला तर सापडतो. ब्लॉकला तडा असेल तर मात्र वरचा सगळा प्रवास करायचाच आहे. तेव्हा जुना ब्लॉक भंगारात देऊ नका, तपासणी होईपर्यंत जवळ ठेवा.

आणि इंजिन खाली उतरवण्याआधी ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसून, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, फोटोही काढा आणि आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी आधीच इंजिन बदलून ठेवलेलं असतं, आणि ते कळायची हीच वेळ असते.