पिक्सेल पळाला म्हणून पाणी वाहिलं का?

दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघताना मोबाइलवर खाडीचा मिनिटभराचा व्हिडिओ काढला. दुपारची ओहोटी, समुद्राकडून खारा वारा. घरी येऊन तो चित्रातली हालचाल बाणांनी दाखवणाऱ्या, ऑप्टिकल फ्लोच्या प्रोग्रॅममध्ये घातला, तर झाडून सगळे बाण पूर्वेकडे, चिपळूणच्या दिशेने! त्याच व्हिडिओत नारळाचं एक सोडण मात्र डुलत डुलत पश्चिमेला, समुद्राकडे निघालं होतं.

बाण चुकले नव्हते. मीच त्यांना भलतं विचारत होतो.

ऑप्टिकल फ्लो म्हणजे चित्रातली उजेड-अंधाराची नक्षी एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकली त्याचं माप. हॉर्न आणि शुंक या संशोधकांची 1981 सालची पद्धत दोन गोष्टी धरून चालते: ठिपका सरकला तरी त्याचा उजळपणा बदलत नाही आणि शेजारशेजारचे ठिपके साधारण एका चालीने जातात. एसटीला, रिक्षाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पाण्याचं तसं नाही. घासूनपुसून लख्ख केलेला गोल हंडा जागच्या जागी फिरवा, चित्रात काहीच हलत नाही. हंडा तसाच ठेवून दिवा हलवा, की चमक धावू लागते. खाडीवर चमचमणारं ऊन त्यातलंच.

प्रवाह म्हणजे पाणी स्वतः कुठे जातं ते. लाट पुढे जाते, पण तिच्यातलं पाणी जवळजवळ गोल फिरून जागेवर येतं. पुढे सरकतं ते अगदी थोडं. त्या दुपारी वारा लाटा आत रेटत होता, ओहोटी पाणी बाहेर ओढत होती, आणि कॅमेऱ्याला ठळक दिसत होत्या त्या लाटा.

मग लाटा गाळून टाकायच्या? मला वाटतं, मुळीच नाही. पाणी पुरेसं खोल असेल, म्हणजे लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त, तर लांबीवरून लाटेचा वेग ठरतो. माथ्यापासून माथ्यापर्यंत 6 मीटर लांबीची लाट संथ पाण्यावर सेकंदाला साधारण 3 मीटर जाते. समजा तीच व्हिडिओत 2.4 मीटरनेच जाताना दिसली, तर उरलेले 0.6 ओहोटीने खाल्ले. फसवणाऱ्या लाटाच प्रवाहाची चुगली करतात. फक्त कॅमेरा तिरपा असतो, तेव्हा आधी काठावरची मोजलेली अंतरं वापरून चित्र सपाट करून घ्यावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि निम्म्या चुका इथेच होतात.

लाटांऐवजी फेस, पालापाचोळा असं पाण्यासोबत वाहणारं काही धरलं, तर पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री चालते: चित्राचा छोटा चौकोन घ्यायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये तो सर्वांत चांगला कुठे जुळतो ते शोधायचं. प्रयोगशाळेत पाण्यात बारीक कण सोडून त्यांच्यावर लेसर मारतात. खाडीत फेस फुकट मिळतो.

राहिला भोवरा. शेजारी एकाच चालीने जातात असं धरलं, की भोवरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट होतो. कॉर्पेत्ती, मेमँ आणि पेरेझ या संशोधकांनी 2002 मध्ये नियम बदलला: पाणी फिरलं किंवा पसरलं तर त्या उत्तराला हिशेबात दंड नाही; ते फिरणं-पसरणं शेजारच्या शेजारी एकदम बदललं तर दंड. आमचं सोडण धक्क्याच्या खांबामागे तीन गिरक्या घेऊन मगच पुढे गेलं. जुन्या पद्धतीच्या नकाशात त्या जागी सगळे बाण सरळ, शिस्तीत उभे आहेत.